अण्णांच्या रक्तातलं शिसं आणि आमच्या तळ्यातला कटला

ऐका, हे मला आत्ताच सांगायचंय. माझ्या वडलांची, अण्णांची, हॉस्पिटलची बॅग अजून उघडलीसुद्धा नाहीये. आज डिस्चार्ज मिळाला. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर आमच्यासारखं घाबरून बसू नका, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तळेगावच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या रक्तात लेड आहे. शिसं. बरंच आहे."

लेड पॉयझनिंग म्हणजे शिसं शरीरात साठत जातं, रक्त कमी होतं, नसा दुखावतात. अण्णांच्या पोटात दोन महिने कळा येत होत्या, हाताला मुंग्या होत्या, आणि आम्ही आपल्या ॲसिडिटीच्या गोळ्या देत होतो.

मॅडमनी विचारलं, बॅटरीचं, रंगाचं, वेल्डिंगचं काही काम करता का. अण्णा नाही म्हणाले. मग खाता काय? अण्णा ताठ बसले. "मासं. सोताच्या तळ्यातलं. रोज."

तळं कुठे, तर नवलाख उंबऱ्याला, कंपन्यांच्या बाजूला. मॅडमचं पेन थांबलं. तपासणी होईपर्यंत मासे बंद, आणि अण्णा ॲडमिट.

अण्णांनी कंत्राटी नोकरी सोडून शेततळ्यात कटला आणि रोहू सोडले, त्यावर आमचं घर उभं आहे. वराळ्याच्या सोसायट्यांमधून लोक रविवारी ताजा मासा न्यायला येतात. म्हणजे आम्ही लोकांना विष देत होतो?

अण्णांनी बेडवरूनच आईला फोन लावायला लावला. "गेटला कुलूप लाव. रिपोर्ट येस्तोवर येक मासा इकायचा न्हाई." विक्री थांबवा असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. नाही बसले.

गावात पसरायचं ते पसरलंच. शेजारच्या गुलाबमावशी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "येवढी वर्सं तुजा मासा खाल्ला रं, आता मला भंगारवाला तरी घेतुय का बघते." अण्णा इतके हसले की परत कळ आली.

दुसऱ्या दिवशी मी दोन कटले बर्फात घातले, तळ्याचं पाणी बाटलीत भरलं आणि पुण्याच्या लॅबला दिलं. हेवी मेटल्सची टेस्ट, म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम. शिवाय मिनरल्स. आईची आणि माझी ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तात शिसं किती, तीही तपासली. दोघींची नॉर्मल!

मी मॅडमना विचारलं, एकाच पातेल्यातलं कालवण तिघं खातो, मग फक्त अण्णाच का? त्या म्हणाल्या, "हाच प्रश्न बरोबर आहे." खोटं कशाला बोलू, मी जाम फुगले.

पाचव्या दिवशी अण्णा कंटाळले. घरून फेकजाळं मागवलं, कडेचे मणी सुटलेत, बसून लावतो म्हणाले. मीच आणून दिलं. मॅडम राउंडला आल्या तेव्हा अण्णांनी मण्याच्या फटीत दोरी घातली, मणी दाढेखाली धरला आणि कचकन दाबला. पुढचा मणी गालात तयार.

"काका, तोंडात काय आहे?"

अण्णांनी मणी तळहातावर काढला. "जाळ्याची वजनं. शिशाची..." आणि त्यांनी मणी मॅडमपुढे धरला.

अण्णा जुने मणी पंपाच्या बंद खोलीत डब्यात वितळवून नवे ओतायचे, हेही मग निघालं; म्हणजे शिसं तोंडावाटे आणि धुरातून, दोन्ही वाटांनी आत जात होतं. आधी का नाही सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "त्ये काम कुटं, मॅडम? जाळं म्हंजी घरचंच."

मणी मीही बसवते. पण पक्कडीनं. लहान असताना एकदा दातात धरला होता, तर अण्णांनी काढून घेतला. "पक्कड घे. पोरीचं दात खराब व्हत्याल." स्वतः मात्र कधी पक्कड घेतली नाही, कारण त्यांचे दोन्ही हात जाळ्यात असायचे.

चिलेशन झालं, म्हणजे औषध शिशाला चिकटतं आणि ते लघवीवाटे बाहेर काढतं. रक्त पुढेही तपासत राहावं लागणार आहे. आणि काल लॅबचा रिपोर्ट आला. शिसं, पारा, कॅडमियम, सगळं मर्यादेच्या आत. लोह, जस्त, सेलेनियम छान. मॅडम म्हणाल्या, "रक्त भरून यायला हवंय. हेच मासे खा काका." अण्णांनी ते वाक्य त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

आज गेट उघडलं. पहिलं गिऱ्हाईक गुलाबमावशी. आईनं रिपोर्ट लॅमिनेट करून गेटला लावला आणि शेजारी खिळ्याला पक्कड अडकवली. अण्णा बाजेवर बसून येईल त्याला आधी रिपोर्ट वाचायला लावतायत, मग मासा.

तुमच्याकडे झालंय का असं? डॉक्टरांनी सगळं विचारलं, आणि रोज हातात असलेली, नाहीतर तोंडात असलेली एक गोष्ट सांगायचीच राहून गेली?