राणीच्या नातवाच्या लग्नात माझा अर्ज

इंग्लंडच्या राणीच्या नातवाचं लग्न झालं, दोन हजार अकरा साली, तेव्हा मी पासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये लेकीकडे कायमची राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. लग्न लागलं तेव्हा इथे रात्र होती, म्हणून शेजारच्या गोऱ्या बाईंनी ते रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सहा-सात बायकांना चहाला बोलावलं. लग्नाचं बोलावणं म्हटल्यावर मी पैठणी नेसले. नथ घातली. बाकीच्या बायका ट्रॅक पॅन्टमध्ये. एकीनं अदबीनं विचारलं, "आज तुमचा काही सण आहे का?" नवरी चर्चमध्ये शिरली आणि मी पदराच्या गाठीतल्या अक्षता काढून थेट टीव्हीवर टाकल्या.  घरी येऊन मी चप्पल काढते आहे तोवर शेजारीणबाईंकडून व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज आला.

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आता समोर बसवून दोन शब्द सुनावावेसे वाटतात. पण ती ऐकणारी नव्हती. पुढे न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळालं, इथलीही राणी तीच, तेव्हा हॉलमध्ये उभं राहून राणीशी आणि तिच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागली. पुढच्या रांगेतला तरुण फोन बघत पुटपुटत होता. मी प्रत्येक शब्द खणखणीत म्हटला. इतकं तर मी नवऱ्यालाही कधी लिहून दिलं नव्हतं. आणि शपथ घेतली म्हणजे समोरची बाजूही काही देणं लागते, असा माझा आपला समज.

माझी अक्का पुण्यात एकटी. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, मूलबाळ नाही, भावोजी जाऊन बरीच वर्षं झालेली. मला जाता येत नव्हतं. हृदयाची झडप बदलल्यावर डॉक्टरांनी लांबचं विमान बंद केलं होतं. म्हणून तिनं सहा महिन्यांसाठी इकडे यावं असं ठरलं. लेकीनं व्हिसाचा फॉर्म भरला, बरोबर कागदांचा गठ्ठा जोडला. नकार आला. मुद्दा असा, की बाईंना मायदेशी जवळचं कोणी नाही, तेव्हा त्या परत जातील याची खात्री वाटत नाही. लेकीनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच. अक्काला कोणी नाही म्हणून तर तिला बोलवायचं होतं, आणि कोणी नाही म्हणूनच ती येऊ शकत नव्हती. यावर कोणाशी भांडायचं?

त्याच सुमाराला बातमी आली की राणीच्या त्या नातवाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी कान टवकारले.

याला कारण आमचे वडील. कृष्णाकाठच्या एका छोट्या संस्थानात ते हुजूर कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची. पण राजेसाहेबांच्या लग्नाची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली, की मी जणू करवली होते. लग्नादिवशी रयतेचे अर्ज चांदीच्या तबकात घेत. राजेसाहेब मांडवातून उठायच्या आधी तबकाला हात लावत, आणि त्या दिवशी कोणाला नाही म्हणत नसत. आमच्या आत्याच्या यजमानांची उरलेली कैद त्याच तबकात माफ झाली. वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना अर्जाचा मायनाही शिकवला होता. दुसऱ्या मुली भोंडल्याची गाणी पाठ करत, आम्ही "सेवेशी विनंती अर्ज ऐसा जे" म्हणत असू.

तर मी अर्ज लिहिला. आधी मराठीत, वडिलांच्या मायन्यात, मग इंग्रजीत. नातवाच्या लग्नाबद्दल अभिनंदन. मी आपली शपथबद्ध प्रजा. माझी बहीण एकोणऐंशी वर्षांची, सहा महिने राहील आणि परत जाईल, याला मी जामीन. शुभकार्याच्या निमित्तानं एवढी कृपा व्हावी. लग्नाचं पत्र कोरं जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं.

नात तेव्हा चौदा वर्षांची. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिनं कागद उचलून नाकाशी नेला. "आजी, दे विल थिंक इट्स ब्लड."

"समजू दे. लवकर उघडतील."

"बट शी कान्ट डू एनीथिंग! शी जस्ट साइन्स." मग शाळेत शिकलेलं सगळं तिनं मला समजावलं. कायदे सरकार करतं, ते राणीच्या नावानं निघतात, इथे तिच्या वतीनं गव्हर्नर जनरल सही करतात, आणि सही करायची नाही असं म्हणायची सोय नाही.

"म्हणजे या घरात माझं जे चालतं तेच," मी म्हटलं. लेक स्वयंपाकघरातून "आई!" म्हणून ओरडली. तरी पत्र गेलं. पोस्टात लेकच घेऊन गेली, एवढं तिला माझ्या नावानं करावं लागलं.

आणि मग मी जी चूक केली ती अर्जापेक्षा मोठी. मी अक्काला फोन केला. "राणीला लिहिलंय. लग्नाच्या मुहूर्तावर. काम झालंच समज."

अक्कानं विचारलं, "कुंकू लावलंस?"

"लावलं."

"मग हरकत नाही," ती म्हणाली. तिनंही तेच तबक ऐकून दिवस काढले होते.

लग्नानंतरच्या आठवड्यात लायब्ररीतल्या विणकामाच्या बायकांत हाच विषय. शेजारीणबाई नवरीच्या पदराच्या लांबीवर बोलत होत्या. दुसरी म्हणाली, त्या लोकांचं इथे काम काय, नोटेवरचा फोटो तेवढा बदला. मला राहवलं नाही. मी अर्जाचं सांगून टाकलं. सगळ्या हसल्या. माझ्या शेजारी बसलेली माओरी बाई, इथल्या मूळ लोकांपैकी, मात्र हसली नाही. पन्नाशीची असेल, मला आन्टी म्हणायची. सुई थांबवून तिनं विचारलं, "खरंच लिहिलंस, आन्टी?"

"खरंच."

"आमचे लोक बोटीनं गेले होते. जमिनीचं गाऱ्हाणं घेऊन, तेव्हाच्या राणीकडे. करार तिच्या नावानं झाला होता ना." तिनं दोरा ओढून घेतला. "तिकडे सांगितलं, हे तुमच्या तिकडच्या सरकारचं काम, त्यांना विचारा. आणि ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, ते तिकडचं सरकारच." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, त्यांच्या भाषेत शाबासकी देत म्हणाली, "किया ओरा, आन्टी. रांगेत ये. आम्ही पुढे आहोत."

तेव्हा मी हसले. घरी चालत येताना हसू येईना.

राजवाड्याचं उत्तर थंडी पडल्यावर आलं. जाड कागद, वर मुकुट, खाली कोण्या बाईंची सही. शुभेच्छांबद्दल आभार होते. पुढे फार गोड भाषेत लिहिलं होतं, की अशा बाबतीत राणी मंत्र्यांच्या सल्ल्यानं चालतात, स्वतः हस्तक्षेप करत नाहीत. पत्र न्यूझीलंडच्या गव्हर्नर जनरलांकडे पाठवलं आहे. तिथून दोन ओळी आल्या, की मंत्र्यांकडे पाठवलं आहे. मंत्र्यांच्या ऑफिसातून आलं, की संबंधित खात्याकडे पाठवलं आहे. आणि शेवटी खात्याचं पत्र आलं. परिच्छेद ओळखीचे. बाईंना मायदेशी जवळचं कोणी नाही. माझं कुंकू समुद्र ओलांडून गेलं आणि फिरून त्याच टेबलावर येऊन बसलं होतं.

लेकीनं पत्र वाचून घडी केली. "आई, अक्कामावशीला सांगायला हवं."

"सांगते."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अक्काचाच फोन आला. तिच्या घरापासून दोन रस्त्यांवर एक चांगला वृद्धाश्रम होता. तिथे नाव लावून ती तीन वर्षं वाट बघत होती. खोली रिकामी झाली म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी बोलावलं, आणि हिनं ती दुसऱ्या बाईला देऊन टाकली. "म्हटलं, मी तर चाललेय. सहा महिने खोली अडवून कशाला ठेवायची?" ती खुशीत होती. लोकरीचे मोजे घेतले होते. तिकडे बाथरूममध्ये फार गार लागतं का, असं विचारत होती.

"गार असतं गं," मी म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. मी ते गिळलं.

लेकीनं पुण्याला आश्रमात फोन केले. मी अक्काच्या डॉक्टरांना केला. खोली गेली ती गेलीच. नाव पुन्हा शेवटी. दिवाळीनंतर अक्का न्हाणीघरात पडली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला जिथे जागा मिळाली तिथे नेलं, गावाबाहेर, एका खोलीत चौघी. ते सगळं मी इथे सोफ्यावर बसून ऐकत होते. चहा गार झाला. नातीनं तो नेला आणि न विचारता दुसरा करून आणला.

आता दर रविवारी तिकडच्या सकाळी दहाला फोन करायची मुभा आहे. तिथल्या बाई फोन तिच्या कानाशी धरतात. गेल्या रविवारी तिचा आवाज बारीक होता, पण मान ताठ असावी असं वाटलं.

"मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय," अक्का म्हणाली, "माझी गादी खिडकीजवळ टाकू नका, मी काही फार दिवस नाही. माझा अर्ज राणीकडे आहे." मग हळू आवाजात, "त्यांनी अजून नाही असं म्हटलेलं नाही ना गं?"

चारही पत्रं माझ्या मांडीवर होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग थांबते," ती म्हणाली, आणि बाईंनी फोन घेतला.