फवारणीच्या टोळीत साहेब कोण?

मलेरियाच्या फवारणीत नोकरी केलेले आम्ही जुने लोक कुठल्या लग्नात भेटलो, की मांडव रिकामा होतो तरी हलत नाही. कोणीतरी म्हणतो, "वसंतसाहेबाचं आठवते का?" आणि झालं! फाटक्या पोत्यातून सरकी सांडावी तसे किस्से सांडत जातात. पुन्हा भरून ठेवता येत नाहीत.

साठ सालच्या आगेमागे आमची टोळी घाटंजी-केळापूरकडची गावं फिरायची. घरोघरी भिंतींवर डीडीटी मारायची, दारावर गेरूनं नंबर टाकायचा, की पुढचं घर. टोळीचे हेड गणपतराव, पलटणीतून आलेले. त्यांच्या हाताखाली शामराव, धनसिंग आणि मी. आमच्यावर इन्स्पेक्टर. तो पुण्याहून नवा आला होता, वयानं आमच्यापेक्षाही लहान.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला गोळा केलं. "मला साहेब म्हणायचं नाही. इथं कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. मी वसंत. नावानंच हाक मारा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतका अवघड हुकूम आजवर कोणत्याच साहेबानं दिला नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव त्याच्यापुढं ताठ उभे राहिले. "वसंत..." एवढं म्हणाले आणि त्यांना घाम फुटला. "...साहेब, चहा झाला!"

तेव्हापासून वसंतसाहेब.

*

कॅम्पवर घडीची खुर्ची एकच. वसंतसाहेबानं ती भिंतीला टेकवून ठेवली आणि आमच्यासोबत सतरंजीवर मांडी घातली. आम्हाला बरं वाटलं. गणपतराव मात्र उभे. साहेब जमिनीवर, तर त्याच्या बरोबरीनं बसायचं कसं? आणि खुर्चीवर बसावं, तर साहेबापेक्षा आपण उंच!

दोन दिवस माणूस उभ्यानं चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी हात जोडले. "साहेब, मेहरबानी करा, खुर्चीवर बसा. माहे पाय सुजून राह्यले!"

साहेब खुर्चीवर बसले. गणपतराव "अयाई गंऽ" म्हणत सतरंजीवर टेकले.

*

एकदा साहेब म्हणाले, "आधी गाव करायचं की तांडा, ते सगळे मिळून ठरवू. हात वर करा. गाव?"

एकही हात नाही.

"तांडा?"

एकही हात नाही.

"अरे, मग तुमचं म्हणणं तरी काय?"

धनसिंग म्हणाला, "साहेब, तुमचाच हात खाली हाये ना अजून!"

*

शेवटी साहेबांचा हात तांड्यासाठी वर गेला. धनसिंग बंजारा. तांड्यातल्या एका म्हातारीशी तो गोर बोलीत बोलला आणि म्हातारी हरखली. आपला पोरगा साहेब झाला! तिनं खाटेवर गोधडी अंथरून त्याला बसवलं, चहा दिला. त्या दिवशी मी तापानं पडलेलो. त्यामुळं माझ्या पंपाची नळी साहेबांच्या हातात. चार शिंतोडे म्हातारीच्या कणगीवर उडाले आणि तिनं साहेबांना जे झापलं!

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

धनसिंगनं आधी चहाचा घोट घेतला. "म्हनते, असा धांदरट मानूस कामावर कायले ठेवला? मी म्हनलं, नवीन हाये, शिकन."

"शिकेन म्हणावं," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या रुमालानं कणगी पुसायला लागले. काम संपेपर्यंत त्यांनी धनसिंगला खाटेवरून उठू दिलं नाही.

*

रजिस्टर लिहिणं हेडचं काम. एकदा ते चाळताना साहेब म्हणाले, "गणपतराव, अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं!"

खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं. गणपतरावांना गप्प बसता आलं असतं. ते कानापर्यंत लाल झाले. "साहेब, सही तेवढी माही. बाकी सारं शामरावचं."

*

एकदा साहेब कामानं यवतमाळला गेले होते. आम्ही एका मोठ्या घराची फवारणी उरकली. मालक म्हणाला, "आता जेवूनच जा." हातपाय धुऊन वर आलो तर ओसरीवर पाट तीन. चौथी पत्रावळ खाली अंगणात, गोठ्याच्या अंगाला. मालकानं शामरावला बोटानं तिकडं दाखवलं. "तू तिथं."

शामरावच्या घरच्यांनी छप्पन सालीच धम्म घेतला होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "तिथं बसनं आमी सोडलं, मालक." आपली शिदोरी आणि लोटा उचलला आणि रस्त्यापल्याड निंबाखाली जाऊन बसला.

वाढणं सुरू झालं. मी मान खाली घातली. वरणाचा वास सुटला होता, खोटं कायले सांगू?

गणपतराव उठले. टोपी घातली आणि पायऱ्या उतरले. मग धनसिंग उठला. सगळ्यांत शेवटी मी.

गणपतराव शामरावसमोर मातीत बसले. "भाकरी किती हायेत?"

"दोन."

"मोड मंग. चार वाटे कर."

शामरावनं भाकर हातात घेतली, पण मोडली नाही. "हेड, हात धुतले?"

"आत्ताच धुतले ना!"

"ते तिथं धुतले. इथं पुन्हा धुवा."

गणपतरावांनी दोन्ही हात पुढं केले. शामरावनं लोटा उचलला आणि हळूहळू धार सोडली.