काकांचा उजवा कान

"ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पसंत आहे," नाना ओटीवर शास्त्रीबुवांना सांगत होते.

आत माजघरात मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. बाहेर माझ्या संस्कृतच्या शिकवणीचा मुहूर्त ठरत होता, येत्या शनिवारचा. शेजारच्या पाटावर मनिलाकाका होते. बायकांच्या कामात बसू नये असं त्यांना आमच्या घरी कितीदा तरी सांगून झालं होतं, आणि ते दर वेळी आपला डावा कान पुढे करून ते ऐकत.

"यमू, तुला पसंत आहे असं तू कोणाला सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"मान हलवलेली मला ऐकू येत नाही," काका म्हणाले.

त्यांचा डावा कान आगबोटीच्या भोंग्याने नेला होता. उजवा मात्र इतका तिखट की कोपरीकडून येणारी कोळीण आळीच्या तोंडाशी वळली की हे ओटीवरून सांगत, "वहिनी, आज बोंबील आहेत." कोणता कान कोणाकडे करायचा हे ते माणूस पाहून ठरवीत. देणगी मागायला कोणी आला की डावा. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्या बायकांनाही डावाच. माझ्याकडेही ते नेहमी डावाच कान करून बसत, आणि त्याचं मला फार दिवस वाईट वाटे.

काका हे नानांचे थोरले चुलत भाऊ. मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचे कारकून म्हणून तरुणपणी स्पॅनिश अमलातल्या मनिलाला गेले आणि केस पिकल्यावर ठाण्यास परतले. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते त्यांनी हसत घेतलं. "पंचगव्यापेक्षा मनिलाची कॉफी बरी, एवढंच माझं म्हणणं," असं ते भटजींनाच सांगून आले. तरी काही घरी त्यांचा पाट पंगतीपासून थोडा दूर मांडत. त्यावर ते म्हणत, "बरं आहे की. दूर बसलं म्हणजे वाढणाऱ्याला आपण आधी दिसतो."

दुपारी ते तळ्याकाठी फिरायला जात, डोक्यावर गवताची रुंद टोपी घालून. समोर मामलेदार येवो की म्हशी हाकणारा, छातीवर हात ठेवून "बुएनास तार्देस" म्हणत. तिकडचा दुपारचा रामराम हा. आमच्या आळीतली पोरं त्यांना चिडवायला तेच ओरडत, आणि काका प्रत्येकाला थांबून उत्तर देत. त्यामुळे चिडवण्यात काही राम राहिला नाही आणि पोरांना सवय तेवढी लागली.

मी तेव्हा मुंबईला मामांकडे राहून मडमांच्या शाळेत शिकत होते आणि शनिवारी घरी येत होते. माझं लग्न नानांनी शिक्षणासाठी लांबवलं होतं. आळीत बोललं जाई ते सारं त्यांनी सोसलं. अशा वडिलांना नाही म्हणणं मला जमत नसे. आमच्याकडे मुलगी बोलली नाही की होकार धरायचा, ही रीतच होती. लहानपणी एकदा आत्याने मला विचारलं, कारलं आवडलं का? मी लाजून गप्प बसले. तेव्हापासून यमूला कारलं फार आवडतं असं घरात ठरलं. मी मुंबईहून येणार म्हटलं की आई आठवणीने कारली आणवी, आणि मी ती खाई.

मनिलाकाकांनी मला स्पॅनिश शिकवायला घेतलं ते असंच वाल सोलताना. पाटी नाही, पुस्तक नाही. एक वाल सोलून वाडग्यात टाकायचा आणि एक शब्द मोठ्याने म्हणायचा. पुटपुटलं तर वाल बाद, पुन्हा दुसरा. डाव्या कानाला ऐकू जाईल असं बोलावं लागे. ते माझ्याकडे तोच कान का करतात हे तेव्हा मला कळलं. त्यांनी पहिलं वाक्य शिकवलं ते "नो किएरो". मला नको. मी म्हटलं, "आधी नमस्कार शिकवतात ना?" ते म्हणाले, "नमस्कार चुकला तर लोक हसतील आणि विसरतील. नको म्हणता आलं नाही तर घरी नको ते येऊन पडतं. मनिलात पहिल्या महिन्यात माझ्या खोलीत तीन कोंबडे होते."

मग ते स्वतः कोळीण होऊन ओटीवर बसत आणि मी स्पॅनिशमध्ये भाव पाडायचा. "मूय कारो," मी म्हणे, फार महाग. ते कपाळावर हात मारून रडू लागत. एकदा खरी कोळीण टोपली उतरवून हे पाहत राहिली आणि आईला म्हणाली, "काय गो बाय, या म्हाताऱ्याला याड लागलं काय? पन पोर भाव बरा पाडते हां."

मराठीत मी नानांची मुलगी होते. इंग्रजीत बोलताना मडमांचं लक्ष माझ्या उच्चारांवर असे. स्पॅनिशमध्ये मात्र मी कोण आहे हे कोणीच ठरवून ठेवलं नव्हतं. म्हणून तिच्यात माझा आवाज निघे.

कॉलेजात जायचं तर परीक्षेसाठी संस्कृत किंवा लॅटिन अशी एक जुनी भाषा घ्यावी लागणार होती. युनिव्हर्सिटीत स्पॅनिश नव्हतीच. याचा मार्ग काकांनीच काढला. "लॅटिन घे. ती स्पॅनिश आणि तिच्या बहिणींची आजी. आजीशी गट्टी जमली की नातवंडं आपोआप ओळख दाखवतात. परीक्षेला आजी, आणि शनिवारी माझ्याकडे नात." शाळेतल्या मिसबाई लॅटिन शिकवायला तयार होत्या. फक्त हे नानांना सांगायचं राहिलं होतं. काकांनी सांगावं अशी मी गळ घातली. त्यांनी नुसता डावा कान पुढे केला.

काका गेल्या वर्षी गेले, दुपारच्या झोपेतच. त्यांची टोपी आईने मला दिली. ती माझ्या खोलीत खुंटीवर असते आणि मी अजून दार लावून क्रियापदं मोठ्याने म्हणते. तळ्याकाठी एक म्हशीवाला परवा मला पाहून छातीवर हात ठेवून "बुएनास तार्देस" म्हणाला. मीही थांबून उत्तर दिलं.

तर तो मुहूर्ताचा शनिवार. पाट मांडला होता, नारळ ठेवला होता. शास्त्रीबुवा फार सज्जन माणूस, मुलीला शिकवतो म्हणून स्वतः बोलणी खाऊन आलेले. संस्कृतविषयी माझी काही तक्रार नव्हती. मला दुसरं काही हवं होतं, इतकंच. नाना इतके आनंदात होते की माझ्याने वर बघवेना. "चल, बुवांना नमस्कार कर," ते म्हणाले.

मी पदर सावरून पुढे झाले.

"थांबा," काका म्हणाले. "यमू काहीतरी म्हणाली."

"काही नाही म्हणाली," नाना म्हणाले.

"म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही." आणि त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्या तोंडून जेमतेम निघालं, "नो किएरो."

"मोठ्याने."

"नो किएरो."

शास्त्रीबुवांनी विचारलं, "हा कुठला मंत्र?"

"मंत्रच आहे, बुवा, पण नानाला तो लागू पडायचा नाही," काका म्हणाले. मग त्यांनी सावकाश मान फिरवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. तो त्यांनी माझ्याकडे कधी केला नव्हता. "मराठीत सांग, यमू. आता हळू बोललीस तरी चालेल."

पण आता मला हळू बोलता येईना.

"नाना, मला संस्कृत नको. मी लॅटिन घेणार आहे, आणि शनिवारी काकांकडे स्पॅनिश. आणि आई, मला कारलं आवडत नाही."