चुकलेल्या कंसातली पत्रं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वाशीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. सगळ्यांना मिळून एकच ईमेल पत्ता होता. विषयाच्या ओळीतलं नाव ओळखून मेल ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये टाकणारे नियम मी लिहिले होते. उत्तराच्या मेलला नावाआधी 'री' लागायचं, म्हणून उत्तरांसाठी वेगळा नियम केला. त्यात विषयातले तुकडे पकडणारे दोन कंस होते. पहिल्यात 'री' सापडायचं, दुसऱ्यात नाव. फोल्डरचं नाव दुसऱ्या कंसातून घ्यायचं, ते मी चुकून पहिल्यातून घेतलं.

तेव्हा आमच्या टायपिस्ट बाईंचे यजमान हॉस्पिटलात होते. अमेरिकेतल्या मुलाने नुकतंच घर बदललं होतं, नवा फोन नंबर बाईंकडे नव्हता, आणि त्यांच्या घरी फोनच नव्हता. त्यांनी त्याला मेल केली होती.

"आलं का रे उत्तर?" त्या रोज विचारायच्या.

"नाही ना, बाई."

पाचव्या दिवशी यजमान गेले.

पुढच्या आठवड्यात आपल्या उत्तराची कुणी दखलच घेत नाही अशी एका गिऱ्हाइकाने फोनवर तक्रार केली, तेव्हा मी शोधाशोध केली. 'री' नावाचा फोल्डर आपोआप तयार झाला होता. त्यात मुलाच्या तीन मेल होत्या, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेल्या. शेवटची एवढीच होती, "आई, काहीतरी कळव. तिकीट काढू का?"

मी त्या छापून बाईंच्या ऐरोलीच्या घरी गेलो आणि माझी चूक सांगितली. बाईंनी तिन्ही कागद सावकाश वाचले.

"हे गेले ना, ते त्याच्यावर रागावूनच गेले रे," त्या म्हणाल्या.