मी न दिलेला दाखला

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं होते, डाईंगच्या लॅबमध्ये. मैंदर्गीहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन आले तेव्हा मला बीकर धरता येत होतं, रंग बघता येत नव्हता. तो शिकवला डाईंग मास्तरांनी. दोन सुतं हातात देऊन ते मला खिडकीशी उभं करायचे. "ट्यूबलाइटखाली सगळे रंग सारखेच दिसत्यात. उजेडात बघ की," म्हणायचे. त्यांच्या घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि मी सीमेकडची म्हणून माझ्याशी मधूनच चार शब्द कन्नड. त्यांच्या डब्यात चिंचेचा भात असला की निम्मा माझा. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. मास्तरांना मी कधी बोलून दाखवलं नाही, पण आई ओळखून होती. गावाकडून शेंगाची चटणी पाठवताना ती दोन डबे भरायची.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी आम्हाला वरच्या मजल्यावर बोलावलं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला टॉवेलचा कापूस खरंच सेंद्रिय आहे का, ते शेतापासून शिलाईपर्यंत बघायचं होतं. कागदी सर्टिफिकेटांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. म्हणून जिनिंगवाले, सूतगिरणी, डाईंग, माग, शिलाई, प्रत्येकानं आपल्या टप्प्याचा डिजिटल दाखला मोबाइलवरून द्यायचा. टॉवेलच्या लेबलवरचा कोड स्कॅन केला की सगळी साखळी समोर यायला हवी. आधी एकाच लॉटवर चाचणी होणार होती.

डाईंगमध्ये दोन दाखले होते. आलेलं सूत गिरणीच्या दाखल्याशी ताडून बघायचं, तो माझा. रंगाई कशी झाली, तो मास्तरांचा. दोघांना दोन फोन दिले, ते लॅबच्या ड्रॉवरमध्ये असायचे. शिकवायला बेंगळुरूहून आलेल्या मॅडमनी बजावलं होतं, पिन म्हणजे तुमची सही, कुणाला सांगायचा नाही.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "हे आपल्याला जमायचं न्हाय. नंबर माझ्या ध्यानात राहत न्हाय." मग मीच त्यांच्या फोनला माझाच पिन लावला. विसरलेच तर मला विचारता येईल, एवढाच विचार. रोज त्यांच्या फोनवरही माझीच बोटं चालायची. ते शेजारी स्टुलावर बसून "व्हय, दे" म्हणायचे.

चाचणीचं सूत आलं त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जाण्याआधी मी सुताचे कोन पोत्यांतून काढून मोजायला घेतले. चार पोत्यांवरची चिठ्ठी वेगळी होती. सेंद्रिय सूत कमी पडलं म्हणून गोडाऊनमधलं साधं सूत घालून कुणीतरी माल पुरा केला होता. मी मास्तरांना पोती दाखवली.

"ही बाजूला ठेवा. मी आल्यावर गिरणीशी बोलते. तोवर दाखला देत नाही."

"जा बिनधास्त. आईकडं बघ. हितलं मी बघतो की."

ऑपरेशन अक्कलकोटला झालं. दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं. दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या डोळ्यात थेंब घालून हात धुतले आणि मास्तरांचा फोन आला. आई कशी आहे, दिसतंय का, काळा चष्मा लावा, धुरात जाऊ देऊ नका. मी फोन आईच्या कानाला लावला. ते तिच्याशी मोडक्या कन्नडमध्ये बोलले आणि ती हसली. फोन ठेवल्यावर मी शेजारच्या काकूंना सांगितलं, अशी माणसं मिळत नाहीत हो.

परत आले तेव्हा लॉट रंगून मागावर गेला होता. चार पोत्यांचं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "गिरणीनं बदलून दिली." मी मान डोलावली. माझा दाखला राहिलाय हे त्यांनी मालकांना सांगितलं असेल, असं धरून चालले. ड्रॉवरमधला माझा फोन काढून बघावा, असं मनातही आलं नाही.

दोन आठवड्यांनी मॅडम आणि त्यांचा एक सहकारी निकाल बघायला आले. टॉवेलांच्या थप्पीतून त्यांनी एक उचलला, लेबल स्कॅन केलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर साखळी उमटली. प्रत्येक नावापुढे हिरवी खूण. मालकांनी टाळी वाजवली. मॅडम माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "तुमचा टप्पा सगळ्यात अवघड होता. तपासायला किती वेळ लागला?"

मी पडद्याकडे बघितलं. माझं नाव, तारीख, सकाळचे अकरा चाळीस. त्या दिवशी मी मैंदर्गीत होते, आणि माझा पिन माझ्याशिवाय फक्त मास्तरांना ठाऊक होता. अकरा चाळीसला मास्तरांनी माझ्या नावानं सही केली होती आणि बाराला आईची चौकशी केली होती.

मास्तर समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला आणि मान वर केलीच नाही.

"हा दाखला मी दिलेला नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी मी रजेवर होते."

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. मला वाटलं होतं, मास्तर आता सांगून टाकतील. चूक झाली, घाई होती, काहीही. त्यांनी सांगितलं असतं तर मी तिथंच मिटवलं असतं.

"हिनंच सांगितलं होतं साहेब," मास्तर म्हणाले. "मी नसले तर तुम्ही करून टाका, म्हणाली. नंबरबी हिनंच दिला."

नंबर मीच दिला होता. ते खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं ठरलं. मालकांनी विचारलं, "पिन का दिलास?" मी चार पोत्यांचं सांगितलं. त्यावर त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. ते त्यांना आधीच माहीत होतं की काय, हे मला आजही कळलेलं नाही.

खाली लॅबमध्ये आल्यावर मी दार लोटलं.

"मास्तर, मी कधी म्हणाले तसं?"

ते हातातली सुताची लडी उलगडत राहिले. "लॉट अडला असता तर माझ्यावरच आलं असतं. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. तू शिकलेली हायस, तुला कुटंबी काम मिळंल. मला या वयात कोण घेणार?"

"मग तुमच्याच नावानं काहीतरी करायचं होतं."

"माझ्या नावानं धरलं असतं तर मीच गेलो असतो की."

इतकं सरळ सांगितलं त्यांनी. राग नाही, लाज नाही. रंगात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. आणि फोन? ज्या माणसाला नंबर ध्यानात राहत नव्हता, त्यानं एकट्यानं माझा फोन उघडून सगळे रकाने बरोबर भरले होते. मी शेजारी बसून बोटं चालवायचे, तेव्हा ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर मी तो दाखला रद्द केला. लॉट साधा टॉवेल म्हणून विकला गेला. मॅडम मात्र खूश होत्या. खोटी सही सापडली म्हणजे पद्धत चालते, हेच तर तपासायचं होतं, म्हणाल्या. त्यांच्या अहवालात चाचणी यशस्वी ठरली. पिन दिल्याबद्दल मालकांनी माझ्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. मी लिहिलं, पिन सांभाळायची जबाबदारी माझी होती आणि ती मी पाळली नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, सही मी केलेली नाही. मालकांनी ती खोडायला सांगितली. मी खोडली नाही. मास्तरांकडून कुणी काही लिहून घेतलं नाही.

पुढचे पाच महिने आम्ही एकाच खोलीत काम केलं. कामापुरतं बोलायचो. जेवायला मी शिलाईतल्या बायकांत जाऊन बसायचे. आईनं पुन्हा चटणीचे दोन डबे पाठवले, तेव्हा दुसरा मी त्या बायकांना दिला. आईला काही सांगितलं नाही. मग दुसऱ्या कारखान्यात जागा निघाली आणि मी गेले.

मागच्या महिन्यात सात रस्ता चौकात चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडताना ते समोर आले. निवृत्त झालेत, वाळलेत. मी नमस्कार केला. एवढ्या दिवसांनी तरी काही म्हणतील, असं वाटून थांबले.

"तू तेव्हा सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस," ते म्हणाले. "पोरीसारखं शिकवलं तुला. मला लई लागलं ते."

ते खरंच दुखावले होते. डोळ्यांत दिसत होतं. माझी रिक्षा आली होती, मी बसले.