दीड तासावरचा मामा

मामाला ऑफिसात सगळे ‘किलोमीटर’ म्हणायचे आणि त्याला तो मान वाटायचा. पार्सल कंपनीत तीस वर्षं त्याने एकच काम केलं. कुठलं गाव कुठून किती लांब, ते भाडं ठरवायला काढून द्यायचं. टेबलामागे नकाशा, खणात दोरा. दोरा दोन टाचण्यांमध्ये ताणायचा, मग पट्टीवर मोजायचा, आणि आकडा अशा तोऱ्यात सांगायचा जसा काही मधला रस्ता यानेच बांधलाय. स्वतः मात्र कधी कुठे गेला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

त्याच्या शहरापासून आमचं शहर हवेतून अकराशे चाळीस किलोमीटर, विमानाने एक तास पस्तीस मिनिटं. माझी आई त्याची थोरली बहीण, तिनेच त्याला कडेवर वागवून मोठा केलेला. “दीड तासात दारात उभा राहीन, ताई,” असं तो तिला दर फोनवर ऐकवायचा. बारा वर्षांत एकदाही उभा राहिला नाही. माझं लग्न झालं, बाबा गेले, दोन्ही वेळा याचं घोडं घरीच पेंड खात होतं. जवळच आहे, केव्हाही येता येतं, हेच याचं न येण्याचं कारण. आई कौतुकाने ऐकून घ्यायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आई हॉस्पिटलमध्ये होती. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघाला तर निघाला. मी साडेआठला मामाला फोन करून तो आईच्या कानाला लावला. “अकराचं विमान आहे ताई, साडेबाराला उतरतोच,” तो म्हणाला. तिला दुसरं काही नकोच होतं, एकदा त्याला बघायचं होतं.

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. त्याने दुखणं थांबणार होतं, पण झोप लागणार होती आणि बहुतेक परत जाग येणार नव्हती. आईने हात मागे घेतला. “तो येऊ दे आधी. दीड तासावर तर आहे.”

साडेबारा झाले, दोन झाले. आई चादर मुठीत आवळून पडली होती. फोन केला की मामा मला वेळापत्रक वाचून दाखवायचा. अकराचं भरलं होतं. तीनचं मध्ये एके ठिकाणी थांबतं, म्हणजे उगाच तीन तास दहा मिनिटं. त्यापेक्षा सहाचं सरळ आहे. बॅग भरलीस का विचारलं, तर म्हणे वेळ पक्की झाली की भरतो. आईला मी काय सांगणार? सांगितलं, निघालाय. त्या खोट्याची मला आजही लाज वाटते, आणि त्याहून जास्त त्या माणसाला मामा म्हणायची.

पाचच्या सुमाराला आईच म्हणाली, “निघालाच नाहीये ना तो? मला सकाळीच कळलं होतं. पण चुकून आला असता आणि मी झोपलेली दिसले असते, तर त्याला वाईट वाटलं असतं गं.” मग तिने नर्सपुढे हात केला.

तिचा डोळा लागल्यावर मी बाहेर येऊन त्याला फोन लावला आणि सांगितलं, इंजेक्शन दिलं, आता बहुतेक जाग येणार नाही.

“झोपली?” मामा म्हणाला, आणि खरं सांगते, त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. “मग आता येऊन तरी काय करू?”