डोळ्याला काडी

रानडुकराची एक गोष्ट मी गेली काही वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, सांगलीत हळदीच्या सौद्याला ताटकळत बसलेलो असताना, जिथं चार कान मिळतील तिथं. दर खेपेला डुक्कर थोडं वाढतं. पहिल्या वर्षी ते माझ्या गुडघ्याच्या थोडं वर होतं, आता कमरेपाशी आलं आहे. उसाची पात सळसळते तो आवाज मी तोंडाने काढतो, सुळे घासल्याचा काढतो, मामांची वाकून चालायची ढब करून दाखवतो. समोरच्या बायका पदर तोंडाला लावतात. मला फार बरं वाटतं.

फक्त एक वस्तू मी त्या गोष्टीतून परवापर्यंत दर वेळी बाहेर ठेवत आलो. माझा फोन. आज तो आत घेतो.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आले, येताना डाव्या कानाचं ऐकणं तोफांपाशी ठेवून आले. त्यांचं गाव कराडहून कोयनानगरकडे जाताना डोंगराच्या पायाशी आहे. सगळा ऊस. वरच्या रानातून डुकरं उतरतात आणि उसात बिऱ्हाड करतात. खातात थोडं, लोळवतात फार. मामांकडे पिकाच्या राखणीची परवान्याची दुनळी बंदूक होती, आणि त्या हंगामात वनखात्याकडून डुकरासाठी वेगळा कागद मिळाला होता. नुकसान करणारं डुक्कर मारा, लगेच कळवा, गार्ड येईल, पंचनामा होईल, जनावर पुरलं जाईल. खायचं नाही.

ही शेवटची अट गावाच्या काही केल्या पचनी पडेना. कारण जुनी रीत सगळ्यांच्या तोंडात होती. डुक्कर पडलं की पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. मुंडी गोळी मारणाऱ्याची. ज्या घरात शिकारीला जाणारं कुणी उरलं नाही, त्या घरालाही वाटा. आणि उसात पडलेल्या जनावराची शेपटी जो पहिल्यांदा धरेल, त्याला मागचा एक अख्खा पाय. आत शिरायला छाती लागते, म्हणून.

पण शेपटी धरायला जायचं कधी, तर ‘पडला’ अशी आरोळी आल्यावर. आणि ती आरोळी द्यायची कधी, तर लांब काडीने जनावराच्या उघड्या डोळ्याला स्पर्श केल्यावर. पापणी हलली नाही, तरच. मामा याबाबतीत देवळातल्या गुरवापेक्षा कडक होते.

“डोळ्याला काडी लागल्याबिगार पडला म्हनायचं न्हाई,” ते सांगायचे. “तोंडातनं शबुद गेला की मानसं धावत्यात. गोळी परत बोलावता येत न्हाई आन् शबुदबी न्हाई.”

मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे.

त्या दिवशी माधवनगरहून पहाटेच निघून मी सकाळी आठला मळ्यात पोचलो, मामींसाठी पिशवीत नवी हळद घेऊन. तिथं सगळं थांबलेलं. ऊसतोडीच्या टोळीने सगळा फड तोडत आणला होता आणि मधोमध चार-पाच गुंठ्यांचा तुकडा तेवढा उभा राहिला होता. चहूकडे उघडं रान, मध्ये हा हिरवा चौकोन. ऊस तुटत जाईल तसं आतलं जनावर मागे सरकत जातं, आणि शेवटी त्याच्याकडे एवढंच घर उरतं. टोळीतली माणसं बैलगाड्यांवर चढून बसली होती.

“जनावर काडा, मंग ऊस काडतो,” मुकादम म्हणाला. “माझ्या बायामानसास्नी मी आत घालनार न्हाई. सकाळी एकीनं त्येचं त्वांड बगितलंय.”

“कसलं हाय?” मामांनी विचारलं.

“नर. एकटाच. डोळं आसं, जणू आपुनच त्येच्या घरात घुसलोय.”

मामांनी तळहातावर तंबाखू मळली, भुकटी झटकली आणि ती कुठं उडते ते पाहिलं. वारा ओढ्याकडून आमच्याकडे येत होता. मग ते तुकड्याच्या कडेकडेने चालले, मी त्यांच्या मागे. एका उसाला त्यांनी बोट लावलं. चिखल घासून वाळला होता, पार मांडीच्या उंचीवर.

“खांदा हितवर आला,” ते हळूच म्हणाले. “लय म्हातारं हाय. म्हातारं जनावर पळत न्हाई, भाच्या. बसून ऱ्हातं.”

त्या वाक्याने माझ्या पाठीवरून काहीतरी सरसरत गेलं, हे मी गोष्टीत सांगतो. गोष्टीत जे सांगत नाही ते असं, की त्याच क्षणी माझ्या डोक्यात रस्सा उकळत होता.

मामींच्या हातचं डुकराचं मटण मी लहान असताना खाल्लं होतं, कागद आणि गार्ड यायच्या आधीच्या काळात. जनावर सोलायचं नाही. पाचट पेटवून त्यावर केस भाजून काढायचे, विळ्याने खरवडायचे, म्हणजे कातडी आणि तिच्याखालची बोटभर चरबी जागेवर राहते. मीठ-हळद लावून तुकडे पातेल्यात टाकायचे, तेलाचा थेंब नाही. स्वतःच्याच चरबीत ते कुरकुरतात. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धणे, लसणाचा गड्डा आणि वर्षाची चटणी. आणि मंद जाळावर तीन तास, कमी नाही. डुक्कर कच्चं पोटात गेलं तर ते आतून आपल्याला खातं, असं मामी म्हणायच्या. हाड हाताने सुटलं की उतरवायचं.

तर त्या सकाळी, फडाकडे जायच्या आधी, मामींनी मला घराच्या परसात गाठलं होतं.

“तुजं मामा फारेस्टाला फोन लावतील,” त्या कुजबुजल्या. “त्येच्या आदी मला कळीव. मागचा पाय तेवडा काडून घिऊ. तात्याला सांगून ठेवलंय.”

तात्या म्हणजे मामांचे चुलत भाऊ, ओढ्यापलीकडच्या मळ्यात राहणारे. साठीचा माणूस, काटक, तालुक्यात डुक्कर भाजावं तर यांनीच. मला हा कट भयंकर आवडला. मामांच्या नाकाखालून एक तंगडी पळवायची. मी लगेच हो म्हणालो. मामींनी मसाला आधीच वाटला होता. पाट्यावर लाल गोळा तयार होता. जनावर दारात यायच्या आधी वाटण करू नये असं मामींच्या सासूबाई सांगायच्या म्हणे, हेही मामींनीच हसत सांगितलं.

टोळीतल्या दोघांनी ओढ्याच्या अंगाने पत्र्याचे डबे बडवले आणि ते लगेच बाभळीवर चढले. आम्ही अलीकडच्या बाजूला बांधाआड. बराच वेळ काही नाही. मग समोरची पात बाजूला झाली आणि ते बाहेर आलं. पळत नाही, चालत. पूर्ण आडवं उभं राहिलं. मामांची बंदूक वाजली. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर बसलं, तोंड मातीला लागलं.

मी तेवढंच पाहिलं. बांधाआड वळलो, फोन काढला आणि मामींना म्हणालो, “पडला.”

परत वळलो तेव्हा समोर काही नव्हतं. रिकामी सरी, आणि उसाच्या भिंतीत हलणारी एक पात.

“आत गेला,” मामा म्हणाले.

ते नळीत नवं काडतूस घालून पुढे गेले, वाकले, एक वाळलेलं पान उचलून आणलं. त्यावर रक्त होतं, काळपट, आणि त्यात हिरवा चोथा. त्यांनी वास घेतला आणि मलाही दिला. अर्धवट पचलेल्या उसाचा आंबट वास.

“पोटात बसली. माजी चूक,” मामा म्हणाले. “फेसाळ रगत आसतं तर फुप्पुस. तवा एवढ्यात संपलं आसतं. आता ह्यो तासभर जिता हाय, आन् आपली वाट बगनार.”

“मग?”

“मग बसायचं. त्येला आकडू द्यायचं. तासानं मी एकटा आत जानार. ज्येनं दुखापत केली त्येनंच मिटवायचं. दुसऱ्या कुनी त्यात पाय टाकायचा न्हाई.”

दुसऱ्या कुणी. मी खिशावर हात ठेवला. मामींना परत फोन लावायला एवढासा वेळ लागला असता. पण मामा हातभर अंतरावर बसले होते, उजवा कान माझ्याकडे करून, आणि काय बोललो असतो? की मी काडी लावायच्या आधीच शब्द टाकला? मागच्या पायासाठी? मला वाटलं, तात्या आधी घरी येतील, मामींना विचारतील, चहा घेतील. मला वाटलं, अजून वेळ आहे. मला जे वाटून घ्यायचं होतं ते सगळं वाटलं.

फोन खिशात थरथरला. मामी. मी बाहेरूनच बटण दाबून तो गप्प केला. पुन्हा थरथरला. पुन्हा गप्प केला.

उसातून आवाज येत होता. गोष्टीत मी जो काढतो तो नव्हे. जड श्वासाचा, मधूनच थांबणारा. थांबला की मामा बंदुकीवरची पकड बदलायचे. गाड्यांवरची माणसं, आणि बाभळीवरून उतरून त्यांच्यात आलेले ते दोघे, पुतळ्यासारखी. ऊन चढत होतं आणि त्या तुकड्यात एक पान हलत नव्हतं.

मग हललं. मागच्या बाजूला, ओढ्याकडे. एक शेंडा, मग दुसरा. सरळ रेषेत आमच्याकडे येणारी थरथर.

“आला,” मी म्हणालो. “मामा, आला. मारा.”

मामांनी बंदूक खांद्याला लावली. थरथर जवळ येत होती.

“मारा की, आवं.”

“दिसत न्हाई.”

“ऊस हलतोय की समोर.”

“हलत्या पाल्यावर गोळी न्हाई,” मामा म्हणाले. आवाज अगदी शांत. “अख्खं जनावर दिसल्याबिगार न्हाई.”

मी त्यांच्या डाव्या अंगाला सरकलो होतो. तेव्हा मला ऐकू आलं आणि त्यांना नाही. उसातून, दबक्या आवाजात, कुणीतरी स्वतःशीच पुटपुटत होतं. “कुटं पडलंय गड्या… शेपटी तरी दाव…”

मी ओरडलो, “तात्या, मागं फिरा.” म्हणजे ओरडायला गेलो. तोंडातून नुसती हवा आली. आयुष्यभर आवाज काढून दाखवत आलेला माणूस मी. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा आवाज फुटला, पण तोवर ऊस मधोमध फाटल्यासारखा झाला होता. तात्या किंचाळले. आणि पुढच्या श्वासाला डुक्कर बाहेर पडलं, आमच्याकडे, अख्खं, उन्हात. त्याच्या एका सुळ्याला पांढऱ्या धोतराची चिंधी अडकली होती.

मामांनी दहा पावलांवर मारलं. या वेळी ते जागीच बसलं.

सरीच्या तोंडाशी तात्या मांडी दोन्ही हातांनी धरून आडवे झाले होते. बोटांमधून रक्त येत होतं. त्यांच्या आणि आमच्यामध्ये ते जनावर. मी धावायला निघालो तसा मामांनी मला कोपरानेच अडवलं. नळी डुकरावरून हलली नाही. डाव्या हाताने त्यांनी तुटक्या उसाचं एक लांब कांडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

“डोळ्याला लाव.”

तेवढी पावलं मी कशी चाललो ते मला आजही करून दाखवता येत नाही. डोळा उघडा होता, छोटा, तपकिरी, त्यात माझी सावली. मी कांड्याचं टोक टेकवलं. पापणी हलली नाही.

“आता म्हन,” मामा म्हणाले.

मी म्हणालो.

मुकादमाने आणि त्याच्या माणसांनी तात्यांची मांडी फेट्याने आवळली, ट्रॅक्टरवर घालून कराडला नेलं. सुळा मोठ्या शिरेच्या अलीकडे थांबला होता. डॉक्टरांनी मामांना बोटाच्या पेरावर अंतर दाखवलं. मी पाहिलं नाही.

दुपारी गार्ड आला, कागद झाले, डुक्कर खड्ड्यात गेलं. गावातली बरीच माणसं बांधावर उभी होती, काहींच्या पिशवीत पातेली होती, कुणी ती बाहेर काढली नाहीत. मामांनी मला काही विचारलं नाही. मामींनी पाट्यावरचा मसाला वांग्यात घातला. तो रस्सा आम्ही तिघांनी एका ओळीत बसून खाल्ला. अतिशय चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी तात्यांना सगळं सांगितलं. फोन, पडला, गप्प केलेले दोन कॉल. ते छताकडे बघत ऐकत होते.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “वैनी त्येच सांगाय फोन करत हुती, की मी घरी न थांबता सरळ ओढ्यातनं घुसलोय.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“येक सांग,” तात्या म्हणाले. “म्या शेपटी धरली हुती. पैली. ती जिती निगाली ह्यो माजा दोष न्हाई. मग मागचा पाय कुनाचा?”

“तुमचा, तात्या.”

“मग ध्येनात ठेव.”

आता तात्या थोडे लंगडतात. मामा बंदूक घेऊन निघतात तेव्हा मला बोलावत नाहीत, आणि मीही विचारत नाही. परवा तात्यांच्या नातीच्या लग्नात लोकांनी मला धरलं, डुकराची गोष्ट सांगा म्हणून. मी उठलो, बाह्या सावरल्या, उसाचा आवाज काढला. डुक्कर गुडघ्यावर बसलं. मी मामांसारखा वाकणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून तात्यांनी काठी उचलून माझ्या शर्टाच्या खिशाला टेकवली. त्यात फोन होता.

“पुढं,” ते म्हणाले. “आता ह्येच्यापासनं सांग.”

मी फोन बाहेर काढला, आणि तिथून सांगायला सुरुवात केली.